घरासाठी डीप फ्रीजर घेताय? आधी वही आणि मेजरटेप काढा

आमचा पहिला डीप फ्रीजर २०१८ सालचा. दुकानात गेलो होतो मिक्सरचं भांडं बदलायला, आणि आलो तीनशे लिटरचा फ्रीजर ठरवून. वर सरकणारी काच, आत पांढराशुभ्र दिवा, आणि "ताई, सीझनची ऑफर आहे" हे वाक्य. घरी आल्यावर कळलं की सासूबाईंचा हात तळाशी पोचत नाही. त्या काठावर पोट टेकून, पाय अधांतरी करून खालचं सुरमईचं पाकीट काढायच्या आणि वर आल्या की माझ्याकडे बघायच्या. बोलायच्या काही नाहीत.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या तळमजल्यात छातीएवढं चढलं. त्या पुरात तो फ्रीजर स्वयंपाकघरातून तरंगत निघाला आणि न्हाणीच्या दारात अडकला. चिपळुणात त्या दिवशी सगळ्यांचंच काय काय तरंगत होतं, त्यामुळे त्याचं वेगळं दुःख केलं नाही. पण दुसरा घेताना मात्र सहा महिने लावले. वायरमनला विचारलं, दुरुस्तीवाल्याला विचारलं, आइस्क्रीमच्या दुकानदाराला विचारलं. तेव्हा जे समजलं ते इथे क्रमाने लिहिते. आमचं घर सात माणसांचं, मासे खाणारं आणि आंबा-काजूवाल्या गावातलं; तुमचं तसं नसेल तर आकडे बदलतील, रीत तीच राहील.

१. आधी वही: आत ठेवणार काय?

लिटर किती, हा प्रश्न शेवटचा. पहिला प्रश्न हा की वर्षाच्या कुठल्या महिन्यात तुमच्या घरात एकदम किती माल येतो. फ्रीजर रोजच्या भाजीसाठी नसतो, हंगामासाठी असतो.

आमची वही अशी होती. मार्च-एप्रिलमध्ये ओले काजूगर, सोललेले, तीन किलो. मे महिन्यात आमरस पंधरा लिटर. मेअखेरीला मासे, कारण १ जूनपासून मासेमारी बंद होते आणि जून-जुलै ताजं फार थोडं मिळतं. तेव्हा साधारण दहा किलो. डिसेंबर-जानेवारीत मटार, दाणे आठ किलो. ओलं खोबरं वर्षभर, एका वेळी तीन किलो. आणि पाव, पुरण, फणसाची चिरलेली कुयरी, मुलांचं आइस्क्रीम असं किरकोळ.

आता जागा. एक किलो मटारदाणे पिशवीत पावणेदोन लिटर जागा घेतात, म्हणजे आठ किलोला चौदा लिटर. रस पंधरा. मासे तुकडे करून डब्यात, पंधरा. खोबरं सात, काजूगर पाच, किरकोळ वीस. बेरीज शहात्तर. पिशव्या विटांसारख्या बसत नाहीत, मध्ये फटी राहतात, टोपली अडवते, म्हणून याची दीडपट करा. झाले ११४. आणि हे सगळं एकाच दिवशी आत नसतंच. मटार संपत येतात तेव्हा काजू येतात. म्हणजे आम्हाला दीडशे लिटर पुरून उरणार होता. तीनशेचा अर्धा भाग तीन वर्षं आम्ही हवा थंड करत होतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पत्रकावर दोन आकडे असतात, एकूण क्षमता आणि निव्वळ क्षमता. हिशेब निव्वळवर करायचा. आणि वहीत काय लिहायचं नाही तेही ठरवा. काकडी, टोमॅटोची कोशिंबीर, दही, उकडलेली अंडी, बटाट्याची रस्सा भाजी: हे फ्रीजरमधून बाहेर आलं की पाणी सुटतं किंवा चोथा होतो. आमसुलं, पापड, कुरडया यांना फ्रीजर लागत नाही. पावसात मसाल्याला गाठी धरतात म्हणून लोक मसाला आत ठेवतात, ते चालतं, पण त्यासाठी फ्रीजर घेऊ नका.

वही लिहून झाल्यावर बेरीज तीस-चाळीस लिटरच आली तर थांबा. चौघांचं घर, खाली उतरलं की मंडई, मासे आठवड्याला ताजे मिळतात, असं असेल तर वेगळा फ्रीजर नकोच. पुढच्या वेळी फ्रीज बदलताना मोठ्या बर्फखान्याचा घ्या. असे काही फ्रीज येतात ज्यांचा खालचा कप्पाही गरजेप्रमाणे फ्रीजर करता येतो. माझ्या बहिणीने पुण्यात तेच केलं आणि तिचं बरोबर आहे.

२. आडवा की उभा?

आडवा म्हणजे वरून झाकण उघडणारा पेटीसारखा. उभा म्हणजे कपाटासारखा, खणांचा.

थंड हवा जड असते, खाली बसते. आडव्याचं झाकण उघडलं तरी ती आतच राहते. उभ्याचं दार उघडलं की पायावर गार झुळूक येते ना, ती तुमच्या बिलातली झुळूक. लाईट गेल्यावरही आडवा जास्त टिकतो, आणि तेवढ्याच लिटरला किंमत साधारण कमी पडते. उभ्याला जमीन कमी लागते, वस्तू चटकन सापडते, वाकावं लागत नाही. घरात कंबरदुखीचं माणूस असेल आणि वीज नियमित असेल तर उभा घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

उभ्यांमध्ये बरेचसे फ्रॉस्ट फ्री असतात, म्हणजे बर्फ खरवडायला लागत नाही. पण आत पंखा सतत कोरडी हवा फिरवतो, त्यामुळे सैल बांधलेली पिशवी असेल तर माशाच्या कडा पांढऱ्या आणि चामट होतात. पिशवीतली हवा काढून घट्ट बांधायची सवय लागते.

आडव्यात आणखी एक निवड: वर काच की जाड झाकण. काच दुकानासाठी असते, गिऱ्हाइकाला कुल्फी दिसावी म्हणून. घरात सुरमई कुणाला दाखवायची आहे? काचेतून उष्णता आत जाते, जाड झाकणात फोम भरलेला असतो. घराला जाड झाकण, कुलूपवालं.

आणि खोली मोजा. घरातल्या सगळ्यात बुटक्या माणसाला सोबत घेऊन दुकानात जा आणि त्यांना तळाला हात लावायला सांगा. दुकानदार हसेल, हसू दे. दुसऱ्या वेळी सासूबाई आल्या होत्या. त्यांनी चष्मा पर्समध्ये ठेवला, पदर खोचला आणि पाच फ्रीजरच्या तळाला हात लावला. चौथा पसंत पडला.

३. जागा: मशीनची नव्हे, वाटेची

लोक कोपरा मोजतात आणि जिना विसरतात. मेजरटेप घेऊन फाटकापासून सुरू करा: फाटक, पडवीचं दार, जिन्याचा वळसा, स्वयंपाकघराची चौकट. आमच्या शेजारच्यांचा फ्रीजर दोन इंचांनी अडला आणि खिडकीचे गज कापावे लागले.

कोपऱ्यात मशीनच्या भोवती चारी बाजूंना दहा-पंधरा सेंटिमीटर हवा हवी. आडव्या फ्रीजरमध्ये गरम नळ्या बहुतेक वेळा बाजूच्या पत्र्याच्या आतच असतात. म्हणून चालू असताना बाजू कोमट लागते. ते बिघडल्याचं लक्षण नाही. आतली उष्णता बाहेर टाकण्याची ती वाट आहे. तिला गोण्या टेकवून ठेवल्यात तर कॉम्प्रेसर थांबणारच नाही. वर झाकण पूर्ण उघडायला किती उंची लागते तेही बघा. वर फळी असेल तर झाकण अर्ध्यावर अडतं आणि एका हाताने झाकण धरून दुसऱ्याने मासे शोधावे लागतात.

गॅसच्या शेगडीजवळ नको, पश्चिमेच्या उन्हात नको. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद माळ्यावर ठेवणार असाल तर मशीनच्या मागची पट्टी वाचा. तिथे हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो: 'एन' असेल तर तो भोवतीच्या ३२ अंशांपर्यंतसाठी, 'एसटी' ३८ पर्यंत, 'टी' ४३ पर्यंत. आपल्याकडे 'टी'च घ्यावा. विदर्भात तर ४३ सुद्धा मे महिन्यात ओलांडतात, तेव्हा तिथे घरातल्या सगळ्यात गार खोलीत ठेवा.

पुराचं गाव असेल तर वरचा मजला. आमचा आता पहिल्या मजल्यावर, जिन्यालगतच्या खोलीत आहे. पाय चढउतार होते, पण चालतं. स्लॅबला वजन पेलतं का, असं सासऱ्यांनी विचारलं होतं. दीडशे लिटरचा भरलेला फ्रीजर म्हणजे दोन माणसं शेजारी उभी राहण्याइतकं वजन. जुन्या लाकडी माडीवर मात्र सुताराला विचारून ठेवा.

४. वीज

हा भाग लोक शेवटी बघतात आणि पस्तावतात.

आधी प्लग. फ्रीजरला स्वतःचा प्लग हवा, जवळ हवा, एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. पावसाळ्यात ओल्या लादीवर उभं राहून पत्र्याला हात लागला आणि झिणझिण्या आल्या तर ते हसण्यावारी न्यायचं प्रकरण नाही. जमलं तर फ्रीजरला वेगळा एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की आपोआप पडणारा छोटा स्विच, बसवा. गडगडाटात घराचा मुख्य स्विच पडतो आणि तुम्ही लग्नाला बाहेरगावी असता, हे आमच्याकडे झालेलं आहे.

मग व्होल्टेज. संध्याकाळी सात-आठच्या सुमारास मल्टिमीटरने मोजायला सांगा. आमच्याकडे उन्हाळ्यात १७० च्या खाली येत होतं. व्होल्टेज कमी असलं की कॉम्प्रेसर गुरगुरतो, सुरू होत नाही, तापतो आणि एक दिवस जळतो. काही नव्या मशीनवर 'स्टॅबिलायझरची गरज नाही' लिहिलेलं असतं, पण त्याखाली बारीक अक्षरात किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत ते वाचा. तुमचा आकडा त्या बाहेर जात असेल तर स्टॅबिलायझर घ्याच, आणि लाईट आल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून पुरवठा देणारा घ्या.

इन्व्हर्टरवर टाकावा का? माझं मत: टाकू नये. चालताना तो फार वीज खात नाही, पण सुरू होताना जो झटका घेतो तो लहान इन्व्हर्टरला झेपत नाही. आणि गरजही नसते. गच्च भरलेला फ्रीजर झाकण न उघडता साधारण ४८ तास माल गोठलेला ठेवतो, अर्धा भरलेला २४ तास.

आता बिल. ऊर्जा बचतीचं लेबल, म्हणजे बीईईचे तारे, डीप फ्रीजरवरही असतं. तारे मोजू नका, त्यावरचा वर्षाच्या युनिटांचा आकडा बघा आणि १२ ने भागा. समजा महिन्याला ४५ युनिट आले. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, पुढे चौथा. तुमचं घर आत्ता ९० युनिटांवर असेल तर फ्रीजरची ३५ युनिटं वरच्या महाग टप्प्यात पडतील. २९० वर असेल तर त्याहून महाग. म्हणून जुनी बिलं काढून आपण कुठल्या काठावर बसलोय ते बघा. आमच्या फ्रीजरला मी महिनाभर छोटा मीटर लावला होता: थंडीत दिवसाला दीड युनिटाच्या आत, मे महिन्यात दोनच्या घरात.

५. दुकानात गेल्यावर

इथे मी भराभर लिहिते, कारण वही आणि मापं हातात असतील तर दुकानात फार वेळ लागत नाही.

तारे दोन प्रकारचे असतात, हा मोठा घोळ. बीईईचे तारे वीज बचतीचे. दुसरे, बर्फाच्या फुलासारखे, तापमानाचे: एक म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८, आणि एक मोठा व तीन लहान म्हणजे उणे १८ शिवाय ताजा माल गोठवण्याची ताकद. घरी मटार-मासे गोठवायचे तर हा चौथा प्रकार हवा. पत्रकात 'चोवीस तासांत किती किलो गोठवतो' तेही दिलेलं असतं, ते विचारा.

'विझी कूलर' म्हणजे फ्रीजर नव्हे. पाण्याच्या बाटल्या ठेवायचं काचेच्या दाराचं ते कपाट गार करतं, गोठवत नाही. किंमत बघून भुलू नका.

झाकणाच्या रबराखाली कागदाची पट्टी ठेवून झाकण लावा आणि ओढा. सहज निघाली तर रबर नीट बसत नाही. चारी बाजूंना करून बघा. तळाला पाणी सोडायचं भोक आणि बूच आहे का? चाकं आहेत का? टोपली एक तरी आहे का? आतला पत्रा आणि नळ्या कशाच्या हे विचारा. खाऱ्या हवेच्या गावात बाहेरचा पत्रा रंगाने नीट मढवलेला हवा, तळाशी वाकून बघा, गंज तिथून सुरू होतो.

जुना फ्रीजर स्वस्तात मिळतोय? आइस्क्रीम आणि शीतपेयांच्या कंपन्या दुकानांना जे फ्रीजर देतात ते बऱ्याचदा कंपनीच्याच मालकीचे असतात. दुकान बंद पडल्यावर कुणीतरी ते परस्पर विकतं. बिल दाखवा म्हणा. बिल नसेल तर फ्रीजरही नको.

६. कागदपत्रं

हप्त्यावर घेणार असाल तर आधार, पॅन, बँकेचा रद्द केलेला धनादेश आणि फोनवर येणारा ओटीपी. 'शून्य टक्के' हप्त्यात प्रक्रिया शुल्क किती आणि रोखीची सूट जाते का, हे दोन प्रश्न विचारा.

घेतल्यावर: मशीनचा क्रमांक लिहिलेलं जीएसटीचं पक्कं बिल, दुकानाचा शिक्का आणि तारीख असलेलं वॉरंटी कार्ड, आणि मागच्या पट्टीचा फोटो. बिलावर कुणाचं नाव घालताय तेही बघा. डीप फ्रीजर हा मुळात दुकानदारीचा माल, त्यामुळे काही वॉरंटींत घरगुती आणि व्यावसायिक वापराच्या अटी वेगळ्या असतात. दीराच्या दुकानाच्या नावाने बिल केलंत की ते कलम लागू शकतं. कॉम्प्रेसरची वॉरंटी जास्त वर्षांची असते, पण त्यात गॅस भरण्याचा आणि माणसाच्या फेरीचा खर्च धरलाय का ते वाचा. पुराचं नुकसान वॉरंटीत येत नाही, त्याला घरच्या सामानाचा विमा लागतो. आम्ही आमचा जुना फ्रीजर तसाच भंगारात दिला. दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

सगळ्या कागदांचे फोटो फोनमध्ये आणि घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्ये ठेवा. आमचे कागद कपाटात होते. कपाट पाण्यात होतं.

७. घरी आल्यावर

फ्रीजर कुठल्याही प्रकारचा असो, टेम्पोतून त्याच्या पायांवर सरळच आणायला सांगा. कुशीवर झोपवून आणला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं. सरळ आणला तरी चार तास प्लग लावू नका. झोपवून आणला असेल तर एक रात्र सरळ ठेवून दुसऱ्या दिवशी लावा. माणूस "लावून बघू का?" म्हणेल. नको म्हणा, चहा द्या.

मग आतून कोमट पाण्यात खायचा सोडा घालून पुसा, कोरडं करा, रिकामाच रात्रभर चालवा. सकाळी उणे १८ दाखवतोय का हे छोट्या थर्मामीटरने बघा आणि मगच भरायला घ्या.

भरताना पहिल्याच दिवशी दहा किलो मासे एकदम कोंबू नका. कोमट माल शेजारच्या गोठलेल्याला सुद्धा मऊ करतो. थोडं थोडं, दोन-तीन दिवसांत. पिशव्या अर्ध्या किलोच्या, हाताने दाबून वहीसारख्या चपट्या करा: लवकर गोठतात, एकावर एक उभ्या राहतात आणि लागेल तेवढा तुकडा मोडता येतो. मटार उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, निथळून मग पिशवीत. नाहीतर महिन्या-दीड महिन्यात गवताची चव येते. कोळंबी सोलून डब्यात ठेवायची आणि वर बुडेल एवढं पाणी ओतायचं, ही सासूबाईंची पद्धत. बर्फात बंद झालेली कोळंबी वाळत नाही. बांगड्यासारखे तेलकट मासे दोन-तीन महिन्यांत संपवा, खवट होतात. आमरस काचेच्या बाटलीत कधीही नाही, गोठताना फुगतो आणि बाटली फुटते. प्रत्येक पिशवीवर नाव आणि तारीख. तीन महिन्यांनी खोबरं आणि काजूगराची भुकटी सारखीच दिसते.

आडव्यात तळाशी दोन प्लास्टिकचे क्रेट ठेवा, एक मासे, एक बाकी. उचलले की तळ हाताशी येतो.

८. बर्फ आणि लाईट

भिंतीला अर्धा सेंटिमीटर बर्फ जमला की मशीन बंद करून, बूच काढून, आपोआप वितळू द्या. घाई असेल तर आत गरम पाण्याचं पातेलं ठेवा. सुरी, उलथणं, पेचकस काही नाही. जुन्या फ्रीजच्या बर्फखान्यात दीराने उलथणं चालवलं, 'फुस्स' आवाज आला आणि गॅस गेला. दुरुस्ती नव्या फ्रीजच्या किमतीच्या जवळ गेली. आत्ताच्या बऱ्याच मशीनमधला आयसोब्युटेन वायू पेट घेणारा आहे, त्यामुळे असा आवाज आलाच तर आधी खिडक्या उघडा, आजूबाजूची बटणं दाबू नका.

लाईट गेली की झाकण उघडायचं नाही, वर गोधडी टाकायची. मागच्या आणि बाजूच्या पत्र्यावर नको, लाईट आल्यावर ती काढायची आठवण ठेवायची. परत आल्यावर पाकीट चाचपा: मधे बर्फाचे कण असतील तर पुन्हा गोठवलं तरी चालतं, चव थोडी जाते. मऊ आणि कोमट झालं असेल तर टाकून द्या. मासा धुऊन वास घेऊन ठरवू नका.

तुम्ही बाहेरगावी असताना लाईट किती वेळ गेली होती हे कळायला एक सोपी युक्ती आहे. स्टीलच्या वाटीत पाणी गोठवा, वर रुपयाचं नाणं ठेवा, वाटी वरच्या टोपलीत ठेवून जा. आल्यावर नाणं बर्फावरच असेल तर काही झालेलं नाही. बर्फात बुडालं असेल तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय. आमच्या वाटीतलं नाणं गेल्या गणपतीत निम्म्यापर्यंत गेलं होतं. सासूबाईंनी वरच्या थरातले मासे काढून टाकले, खालच्यांची पाकिटं दाबून दाबून पाहिली आणि नाणं धुऊन परत वाटीत ठेवलं.